डोनर म्हणजे निरोगी माणूस

यकृत म्हटलं की लोकांना शाळेतली आकृती आठवते आणि लिव्हर म्हटलं की दारू आठवते. त्यामुळे माझ्या नवऱ्याचं लिव्हर गेलं हे कळल्यावर अकोल्यातल्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात यांच्या हातात बाटली दिली. यांनी उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलेलं नाही. सरकारी कचेरीत कारकुनी, डब्यात भाजी-पोळी, पौर्णिमेला विहार, असा माणूस. लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चरबी साठत गेली आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोटात पाणी भरायला लागलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता लिव्हर बदलल्याशिवाय इलाज नाही.

घरात आम्ही तिघंच. हे, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि मी. मुलगी पुण्याला शिकत होती, एकोणीस वर्षांची. तिचं नाव कुणी काढलं असतं तर मी त्याला घरातून हाकललं असतं. राहिले मी. माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्यांतही मी पास झाले. मी मागंपुढं पाहिलं नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. माणूस डोळ्यांदेखत पिवळा पडत चालला होता आणि त्यावरचं औषध माझ्या पोटात होतं, एवढंच.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी मला समोर बसवून समजावलं. साठ टक्के काढणार, उरलेलं दोन-तीन महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढं होणार. मी घाबरू नये म्हणून ते हसत म्हणाले, "ताई, डोनर म्हणजे निरोगी माणूस. आजारी माणसाला आम्ही डोनर करतच नाही." वाक्य अगदी खरं होतं, पण ते ऑपरेशनच्या आधीचं होतं. आमच्याकडे ते ऑपरेशनच्या नंतर लागू झालं.

बुद्धपौर्णिमा झाली आणि त्याच आठवड्यात आमचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी मला सुट्टी मिळाली, यांना तिसऱ्या आठवड्यात. हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती, तिथं आम्ही तिघं राहायला लागलो. अमरावतीहून माझा भाऊ भेटायला आला. शाळामास्तर आहे, स्पष्ट बोलतो. माझी अवस्था पाहून यांना म्हणाला, "भाऊजी, बाईच्या रिपोर्टात जराही खालीवर दिसलं, तं मी तिले तीन महिने अमरावतीले नेतो. मंग मी कोणाचंच आयकणार नाही." हे नुसते हसले. मलाही तेव्हा बरं वाटलं, माहेरचं माणूस असं बोललं की वाटतंच.

भेटायला येणारे सगळे यांना भेटायला यायचे. येताना डाळिंबं आणायचे, खोलीबाहेर चपला काढायचे, तोंडाला मास्क बांधायचे, आणि यांची चौकशी झाली की माझ्याकडे वळून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही तर हिंडूफिरू लागल्या!" हिंडत होते, कारण यांना प्रत्येक वेळी ताजं आणि गरम जेवण लागायचं. पोटाला पट्टा बांधून मी पोळ्या लाटायची. यांच्या गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मिनिटाचाही फरक चालत नाही. नाहीतर शरीर नवं लिव्हर परकं समजून त्याच्यावर उठतं. मोबाईलचा गजर मीच लावायची आणि गोळ्या मीच हातावर ठेवायची. सासूबाईंना नावं वाचता येत नव्हती आणि यांचे हात कापायचे.

महिना झाल्यावर आम्हा दोघांची तपासणी होती. सकाळी रक्त दिलं, माझी सोनोग्राफी झाली. रिपोर्ट दुपारी मिळणार होते. यांच्या जेवणाची वेळ चुकू नये म्हणून मी खोलीवर परतले. ठरलं असं की रिपोर्ट हेच घेतील आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवतील. दीड वाजता हे आले. हात धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "माझं ठीक आहे. तुझं तं एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, डोनर म्हणजे निरोगी माणूस." मी वरण वाढलं. रिपोर्ट दाखवा असं मी म्हटलं नाही.

इथं मला स्वतःचाच राग येतो. मी काम करते ते बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडायचे, किती उगवले ते मोजायचं आणि रिपोर्टावर सही करायची. कुणी कितीही चांगला माणूस येऊन सांगू दे की बियाणं एक नंबर आहे, मी गुंडाळी उघडल्याशिवाय सही करत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःच्या बाबतीत मी नवऱ्याच्या शब्दावर सही केली.

जूनच्या शेवटी आम्ही अकोल्याला परतलो. माझं वजन उतरत होतं. ब्लाऊज खांद्यावरून घसरायचे. भाताला चव लागेना, फोडणीच्या वासानं मळमळायचं. डोकं धुतलं की मूठभर केस हातात. सगळ्यात वाईट म्हणजे पहाटेची भूक. ती भूक नेहमीची नव्हती. घाम फुटायचा, हात थरथरायचे, उगाच रडू यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानं गुळाचा खडा खायची, आणि चोरी केल्यासारखं डबा न वाजवता बंद करायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं. "खाय वं बाई, लपून कावून खातं? घर तुयाच हाये," म्हणाल्या. मी म्हटलं, उन्हाळा बाधला असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, वय झालं.

यांना मी सांगितलं होतं. हात थरथरतात, चक्कर येते, सगळं सांगितलं होतं. हे म्हणायचे, "थकवा असन. खात जाय." आणि त्याच सुमारास यांच्यात एक बदल झाला. संध्याकाळी फिरायला गेले की येताना माझ्यासाठी केळी आणायचे. शेंगदाण्याचे लाडू आणायचे. झोपायच्या आधी विचारायचे, "काही खाल्लं काय? एक केळ तरी खाय." वीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला जेवलीस का असं विचारल्याचं आठवत नाही. मला वाटलं, मरणाच्या दारातून परत आलेला माणूस बदलतो म्हणतात ते खरं आहे. मुलीला फोनवर मी हे कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा रोमँटिक झाले!" मी लाजले होते. आज त्या लाजण्याचीही लाज वाटते.

आषाढी पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. पौर्णिमेला सासूबाई उपोसथ धरतात, म्हणजे पांढरं लुगडं नेसायचं, दुपारी बाराच्या आत जेवायचं आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न घ्यायचं नाही. मी एरवी कधी धरत नसे. त्या वर्षी म्हटलं, धरूया. घरचा माणूस वाचला होता. आमच्यात नवस-सायास नसतात, पण कृतज्ञता कुठंतरी ठेवावीशी वाटते.

सकाळी मी पांढरं पातळ काढलं तेव्हा हे दारात उभे राहिले. "तू नको करू उपोसथ."

"का?"

"तसंच. अशक्तपणा हाये तुले."

"रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना?"

हे खिडकीकडे वळले. सासूबाई आतून म्हणाल्या, "करू दे रे. तिची इच्छा हाये तं तू कावून आडवा येतं?" हे खिडकीबाहेर पाहत राहिले. तिथं एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य यांच्याजवळच होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

साडेअकराला जेवले. मळमळत होतं म्हणून नीट गेलं नव्हतं. संध्याकाळी विहारात वंदना झाली, वाचन सुरू झालं. मला अक्षरं ऐकू येत होती, अर्थ लागत नव्हता. घामानं पातळ पाठीला चिकटलं. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय होऊन राहिलं वं?" मी उत्तर दिलं असं मला वाटलं, पण ती म्हणते मी नुसतीच तिच्याकडे पाहत होते. मग सतरंजीवर आडवी झाले.

शुद्धीवर आले ती चौकातल्या दवाखान्यात. हाताला सुई, वर ग्लुकोजची बाटली. डॉक्टर ओळखीचे. साखर अठ्ठेचाळीस होती असं त्यांनी सांगितलं आणि यांच्यावर उखडले. "अहो, दोन महिन्यांपूर्वी हिचं लिव्हर कापलंय. हिला उपाशी कसं ठेवलं? नागपूरचे कागद कुठं आहेत?" हे खुर्चीवर बसले होते. यांच्याकडे गोळ्यांची एक चेनची पिशवी असते, कुठंही गेले तरी खांद्याला. हे ती पिशवी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग यांनी चेन उघडली आणि आतल्या कप्प्यातून चार घड्यांचा एक कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. म्हणजे हा कागद यांनी पुष्कळदा उघडून वाचला होता.

डॉक्टरांनी तो मोठ्यानं वाचला. महिन्याच्या तपासणीचा कागद. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, कमी, फॉस्फेट कमी, वजन सहा किलोंनी उतरलेलं. लिव्हर अपेक्षेपेक्षा हळू वाढतंय. दर तीन तासांनी थोडं थोडं खावं. झोपण्यापूर्वी खावं. उपास अजिबात करू नये. वजन उचलू नये, घरकाम बंद, पूर्ण विश्रांती. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावं.

मग त्यांनी मला समजावलं. लिव्हर हे शरीराचं कोठार. आपण जेवत नाही तेव्हा तेच साठवलेली साखर थोडी थोडी सोडत असतं. माझं कोठार आधीच लहान झालेलं, त्यात ते नव्यानं बांधायचं काम चाललेलं, आणि त्या कामाला फॉस्फेट लागतं, प्रथिनं लागतात. बाहेरून आली नाहीत तर शरीर आपलेच स्नायू मोडून देतं. मला ते लगेच कळलं. उगवणारं बी आधी स्वतःच्याच पोटातली शिदोरी खातं, हे मी नोकरीला लागल्यापासून पाहत आले आहे. मोड दिसतो तेव्हा दाणा आतून पोकळ झालेला असतो.

सासूबाई कोपऱ्यात पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, मुलापुढे उभ्या राहिल्या. "तिनं तुले जीव देल्ला," त्या म्हणाल्या, "अन् तुनं तिले एक कागद नाही देल्ला?"

मला केळी आठवली. शेंगदाण्याचे लाडू आठवले. झोपण्यापूर्वी खावं. तो प्रेमाचा बदल नव्हता, ती त्या कागदाची चोरटी अंमलबजावणी होती. त्यातलं जे यांना परवडण्यासारखं होतं तेवढं यांनी केलं. घरकाम बंद आणि पूर्ण विश्रांती यांनी घडीत ठेवून दिली. फसवलं याचं मला जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त त्या केळ्यांचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं. मी यांना अहो-जाहो करते. रागातसुद्धा तोंडातून 'तू' निघत नाही, आणि त्या दिवशी त्याचाही राग आला. म्हटलं, "तुम्ही असं का केलं?"

हे पलंगाच्या कडेला बसले होते. "तुया भाऊ बोलला होता ना, रिपोर्टात खालीवर दिसलं तं घेऊन जातो म्हणून. तू अमरावतीले गेली असती तं माया गोळ्या कोणं देल्ल्या असत्या? आयले वाचता येत नाही. माये हात पाह्य ना कसे थरथरतात ते. मले भेव वाटलं."

"मी मेले असते तर?"

"तसं नोको बोलू."

"मला निदान सांगायचं. मी गेले असते की नाही, ते मी ठरवलं असतं."

"तू गेली असती," हे म्हणाले, आणि रडायला लागले. रडताना पोटावरच्या शिवणीवर हात धरून रडत होते. माझी शिवण आडवी आहे, यांचीही तशीच. मला राग होता, पण कीवही आली. माणूस मरणाला भ्याला होता. भ्यालेलं माणूस जवळ येईल त्याला धरतं, आणि मी जवळ होते. हे म्हणाले, "यापुढं काहीच लपवणार नाही." मी म्हटलं, "ठीक आहे." भावाला मी काही कळू दिलं नाही. सासूबाईंनाही तंबी दिली की अमरावतीला फोन गेला तर त्यांना माझी शपथ. म्हणजे आता यांच्यासाठी मीसुद्धा लपवायला लागले होते. खाणं मात्र सुधारलं. सासूबाई दर तीन तासांनी वाटी घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि पोळ्यांना बाई लागली.

तीन आठवड्यांनी मी नागपूरला गेले. यांनी यायचं म्हटलं, मी नको म्हटलं. तुमचं आणि माझं आता वेगवेगळं दाखवू. सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. बडनेऱ्याला उतरलं की अमरावती किती जवळ, हा विचार आला आणि गेला. डब्यातून मी तीन तासांचा हिशेब धरून थालीपीठ खाल्लं.

तपासणी चांगली झाली. साखर ठीक, अल्ब्युमिन वर आलेलं, लिव्हर वाढायला लागलेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर मला ते दाखवलं. करडं, दाणेदार, भरत चाललेलं. मला खरंच आनंद झाला. शंभरातले नव्वद उगवल्यावर होतो तसा. डॉक्टर म्हणाले, "एवढे दिवस आला नाहीत म्हणून आम्ही काळजीत होतो." मी म्हटलं, "मला बोलावलंच नव्हतं." ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, खाली डोनरांच्या नोंदी ठेवणारी मुलगी आहे, तिला भेटून जा.

ती मुलगी गोड होती, पंचविशीची. फाईल उघडून म्हणाली, "ताई, आल्या एकदाच्या! सर म्हणाले होते तुम्ही नाही म्हणता म्हणून."

"कोण सर?"

तिनं फाईल माझ्याकडे फिरवली. कागदावर तिच्या अक्षरात तीन नोंदी होत्या. पहिली जूनच्या शेवटची: फोन केला, पतीशी बोलणं झालं, डोनर येण्यास तयार नाही. दुसरी जुलैच्या सुरुवातीची, तीच. तिसऱ्या नोंदीत पुढं आणखी लिहिलं होतं: डोनरला सुईची भीती वाटते असं पती सांगतात.

सुईची भीती. मला हसू फुटलं. मुलगीही हसली, तिला वाटलं मी ओशाळले. "होतं असं बऱ्याच जणांचं," ती म्हणाली, "त्यात काय लाजायचं."

मग मी तिसऱ्या नोंदीची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. म्हणजे दवाखान्यानंतर. पलंगाच्या कडेला बसून शिवणीवर हात धरून रडले, यापुढं काहीच लपवणार नाही म्हणाले, त्याच्यानंतर. मी बहुतेक स्वयंपाकघरात वाटी घेऊन बसलेली असेन. बाहेरच्या खोलीत यांचा फोन वाजला असेल आणि हे तेवढ्याच शांतपणे म्हणाले असतील की ती नाही म्हणते. पहिली दोन खोटी मी भीतीच्या नावावर टाकली असती. तिसरं कुठं टाकायचं, मला कळेना. माझी कीवच यांनी खोटी पाडली.

"पण तुम्ही यांना का फोन केला?" मी विचारलं. "मला का नाही?"

तिनं फाईलचं पहिलं पान काढलं. डोनरची माहिती. त्यावर अक्षर माझं होतं. संपर्क क्रमांकापुढे मी यांचा नंबर लिहिला होता. ऑपरेशनच्या आधी, माझ्याच हातानं, न अडखळता. गॅसच्या पुस्तकावर यांचा नंबर, रेशन कार्डाला यांचा, मुलीच्या शाळेच्या सगळ्या फॉर्मांवर यांचा, माझ्या बँकेच्या पासबुकालासुद्धा यांचाच. आमच्याकडे बाईचा संपर्क विचारला की पेन आपोआप तिकडेच जातं. ज्या माणसाचं लिव्हर मरत होतं, त्याचा नंबर मी माझ्या जिवासाठी दिला होता.

"बदलायचा आहे," मी म्हटलं.

तिनं जुन्या नंबरावर रेघ मारली आणि पेन धरून माझ्याकडे पाहिलं. "सांगा."

मी तोंड उघडलं. यांचा नंबर मला झोपेत पाठ आहे. भावाचा आहे, मुलीचा आहे. माझा आठवेना. पर्समधून फोन काढला, स्वतःचा नंबर कुठं दिसतो तेही सापडेना. शेवटी त्या मुलीनंच माझ्या हातून फोन घेतला, तिच्या फोनवर मिस्ड कॉल दिला आणि तिथून बघून एकेक आकडा लिहिला. पुढच्या रकान्यात डोनरशी नातं विचारलं होतं. तिथं 'पती' होतं, तेही तिनं खोडलं.

"इथं काय लिहू, ताई?"

"स्वतः," मी म्हटलं, आणि लिहून होईपर्यंत तिच्या पेनाकडे पाहत उभी राहिले.